निर्वासितांवरचा रिसर्च वस्तीत परत यायला हवा

मा. संपादक,
स.न.

निर्वासितांचं पुनर्वसन, वेगवेगळ्या समाजांचं एकत्र राहणं, लोकसहभाग या विषयांवर हल्ली कॉलेजांत खूप अभ्यास चाललाय, आणि तो व्हायलाच हवा. पण ज्यांच्यावर अभ्यास होतो त्यांच्या हातात शेवटी काय पडतं, हे कोणी विचारतंय का? आमच्या चेंबूर कॅम्पच्या, म्हणजे फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वस्तीच्या भागात मुलंमुली येतात, मोबाईलवर रेकॉर्डिंग करतात, संमतीच्या कागदावर सही घेतात. शेजारच्या ऐंशी पार केलेल्या सिंधी काकू लहानपणी कराचीहून बोटीनं कशा आल्या ते सांगत बसल्या होत्या, सांगता सांगता रडल्या सुद्धा, आणि त्यानंतर कोणी फिरकलंच नाही. प्रबंध झाला असेल, डिग्री मिळाली असेल, काकूंना त्यातलं एक पान दिसलेलं नाही.

शेरी अर्नस्टीन या बाईंनी 1969 मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, सोशल वर्कच्या मुलांना ती शिकवतात. त्यात लोकांचं मत विचारणं ही फक्त चौथी पायरी आहे आणि निर्णयात वाटा मिळत नसेल तर तो दिखावाच, असं त्या स्पष्ट म्हणतात. मग हीच शिडी शिकलेली मुलं वस्तीत आल्यावर चौथ्या पायरीवरच का थांबतात?

मुंबईतले निर्वासित नुसते मदत घेणारे कधीच नव्हते. कल्याणजवळच्या दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत त्यांना ठेवलं, 1949 मध्ये तिचं उल्हासनगर झालं, बराकीत राहून लोकांनी धंदे उभे केले. कराचीच्या कॉलेजातून आलेल्या प्राध्यापकांनी 1948 मध्ये जयहिंद कॉलेज काढलं, हैदराबाद सिंधच्या शिक्षण मंडळानं 1949 मध्ये वांद्र्याचं नॅशनल आणि 1954 मध्ये चर्चगेटचं के.सी. सुरू केलं, आणि तिथे आपली किती मराठी मुलं शिकून मोठी झाली! घरदार गमावून आलेल्या माणसांनी पहिल्या काही वर्षांतच कॉलेजं काढली, ही केवढी मोठी गोष्ट आहे, सहभाग सहभाग म्हणतात तो हाच ना.

दुसरं म्हणजे अगोदरपासून राहणाऱ्यांना कोणी विचारतच नाही. निर्वासित नव्या जागी कितपत मिसळले हे बघताना, एजर आणि स्ट्रँग या अभ्यासकांनी 2008 मध्ये नोकरी, घर, शिक्षण, आरोग्य यांच्या बरोबरीनं आपल्या माणसांतली नाती, इतर समाजांशी जुळलेली नाती आणि सरकारी यंत्रणेशी असलेला संबंध हे सगळं मोजायला हवं असं मांडलं. आता सायन कोळीवाड्यात पंजाबी निर्वासित येऊन राहिले तेव्हा तिथल्या कोळी घरांना काय वाटलं, पाण्यावरून भांडणं झाली का, लग्नकार्यात येणंजाणं कधी सुरू झालं, हे त्या कोळणींकडूनच ऐकायला हवं आणि ते ऐकायला आता फार माणसं उरलेली नाहीत. भारतानं 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही, त्यामुळे उद्या कुठून कोणी आलं तर शिकायला हाच अनुभव आहे.

कॅनडात पाच नागरिक एकत्र येऊन निर्वासित कुटुंबाची जबाबदारी घेऊ शकत होते, 2024 च्या अखेरीस अशा गटांचे नवे अर्ज घेणं थांबवलं गेलं. 1979-80 मध्ये तिथे व्हिएतनाम, कंबोडिया, लाओसमधून साठ हजार माणसं आली, त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांना साध्या लोकांनी, चर्चनी आधार दिला. आपल्याकडे अशी योजना नाही हे ठीक, पण शेजाऱ्यांना आत घ्यायची ती वृत्ती रिसर्च करताना तरी दाखवता येईल.

यात घाई आहे ती पुनर्विकासामुळे. सायन कोळीवाड्यातल्या पंजाबी कॉलनीच्या जुन्या इमारती गेल्या, आता तिथे म्हाडा नवीन बांधणार. जुने शेजार पांगले की पुन्हा कोणाला शोधणार?

म्हणून विद्यापीठांना आणि गाईड प्राध्यापकांना कळकळीची विनंती, की प्रश्नावली करण्याआधी वस्तीतल्या चार माणसांना बसवून काय विचारायचं ते ठरवा, प्रबंध सबमिट करताना मराठीत आणि सिंधीत दहा पानी सारांश सक्तीचा करा. सिंधी सारांश दोन्ही लिप्यांत हवा, कारण जुन्या लोकांना अरबी लिपीतलं वाचता येतं, नातवंडांना देवनागरीतलं. एक प्रत जवळच्या वाचनालयात ठेवा, आणि एखाद्या रविवारी मंदिराच्या हॉलमध्ये सगळ्यांना वाचून दाखवा, तेव्हा शेजारच्या मराठी घरांनाही बोलवा, आम्ही येऊ.

आपली,
एक वाचक, चेंबूर