दापोलीला आधी माळी द्या

मा. कृषिमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सादर नमस्कार.

आपण कृषिमंत्री आहात हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच खुर्चीमुळे आपण राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांचे प्रतिकुलपती असता, हे फार जणांच्या लक्षात नसतं. हे पत्र त्या दुसऱ्या पदाला लिहिते आहे. दापोली तालुक्यात माझी आंबा-काजूची बाग आहे, घरामागे थोडं सुपारीचं आगर आहे. डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची मी नोकर नाही, माजी विद्यार्थिनी नाही, कुठल्या समितीवर तर नाहीच नाही. मी गिऱ्हाईक आहे. आणि गिऱ्हाईक या नात्याने दुकानात माणूस दिसेनासा झाल्याची तक्रार करण्याचा मला हक्क आहे.

राहुरीचं विद्यापीठ १९६८चं, अकोल्याचं १९६९चं, परभणी आणि दापोली १९७२ची. चौघांच्या तुलनेचा तक्ता आपल्यासमोर येत असेल तेव्हा दापोली बहुतेक रकान्यांत तळाला असणार. क्षेत्र कमी, विद्यार्थी कमी, पिकाखालची जमीन कमी. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी, तीही अर्धी कातळाची. आमच्याकडे ऊस नाही म्हणून कारखाना नाही, कारखाना नाही म्हणून चेअरमन नाही, आणि चेअरमन नाही म्हणून मंत्रालयात आमच्या विद्यापीठासाठी टेबलावर मूठ आपटणारं कोणी नाही. ज्यांचं नाव विद्यापीठाला दिलं आहे ते बाळासाहेब सावंत १९६३ मध्ये मुख्यमंत्री कन्नमवारांच्या निधनानंतर काही दिवस हंगामी मुख्यमंत्री होते. कोकणाच्या वाट्याला सत्ता आली तीसुद्धा अशी हंगामीच, असं आमच्याकडची म्हातारी माणसं गमतीनं म्हणतात. (पुढे कोकणातले मुख्यमंत्री झाले, ते मान्य. पण विनोद चांगला आहे.)

या विद्यापीठाचं बळ दापोलीच्या मुख्य इमारतीत शोधू नका, ते कोकणभर विखुरलेलं आहे. भाताचं संशोधन कर्जतला आणि शिरगावला. काजू-आंब्याचं वेंगुर्ल्याला, १९५७ पासून, म्हणजे विद्यापीठाच्याही आधीपासून. नारळाचं रत्नागिरीजवळ भाट्याला, सुपारीचं श्रीवर्धनला, खार जमिनीचं पनवेलला, हापूसचं देवगडच्या रामेश्वरला. ज्या मातीत जे पिकतं तिथेच त्याचं केंद्र. कागदावर ही व्यवस्था विस्कळीत आणि खर्चिक दिसत असेल. ‘लहान केंद्रं एकत्र करा’ अशी सूचना आपल्यासमोर कधीतरी येईलच, म्हणून आधीच सांगते: खाऱ्या पाण्यात तगणारा भात डोंगरावर बसून तयार होत नाही. भरतीला बांध फुटून शेतात पाणी शिरलं की खारेपाटातला माणूस पनवेल १, २, ३ ही बियाणी मागतो. त्या बियाण्यांच्या नावातच त्यांचा पत्ता आहे. भाताची रत्नागिरी १, रत्नागिरी २४, कर्जत ३ आणि काजूचं वेंगुर्ला ४ ही नावंही अशीच पडली.

आता एक उदाहरण जरा सविस्तर देते, कारण विद्यापीठ नेमकं काय करतं हे त्यावरून कळेल.

कोकमाची झाडं नर आणि मादी वेगवेगळी असतात. बी लावलं की सात-आठ वर्षं वाट बघायची. राखण करायची, गुरं हाकायची, वणव्यापासून जपायचं. मग झाड फुलतं आणि कळतं की हा नर आहे. परागीकरणासाठी थोडे नर लागतात, पण बियांपासून लावलेल्या झाडांत साधारण निम्मे नर निघतात. आमच्या आजीच्या पिढीने कोकम कधी मुद्दाम लावलं नाही त्याचं हे एक कारण. पऱ्याकाठी, बांधावर आपसूक आलं तर आलं. विद्यापीठाने भरपूर फळणाऱ्या मादी झाडाची काडी घेऊन ती कोवळ्या रोपावर बांधायची, म्हणजे मृदुकाष्ठ कलमाची, पद्धत बसवली, ‘कोकण अमृता’सारखी जात दिली. काडी मादीची म्हणजे झाड मादीच. लावताना खात्री, आणि फळ लवकर. रानातलं झाड त्यामुळे बागेत आलं. आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि आमसुलं विकून घर चालवणाऱ्या बायका आज प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांच्या बचत गटांचं कौतुक करायला पुढारी येतात. ती काडी कोणी कापली हे कोणी विचारत नाही.

काजूचंही तेच. बियांपासून वाढवलेल्या काजूत प्रत्येक झाड निराळं, कुणाची बी बारीक, कुणी पाच वर्षं नुसतं पानं मिरवणारं. वेंगुर्ला ७ या जातीची बी साधारण १० ग्रॅमची, गावठी बी त्याच्या निम्म्याला जेमतेम पोचते. १९९०च्या सुमारास रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली आणि कातळाकडेची वरकस जमीन हिरवी झाली, याचं श्रेय सरकारने घेतलं, घ्यावंच. पण त्या खड्ड्यांत लावायला खात्रीची कलमं नसती तर खड्डे तेवढे राहिले असते.

हापूसबद्दल मुंबईत सगळेच जाणकार असतात, म्हणून थोडक्यात. हापूस एक वर्ष देतो आणि पुढचं वर्ष रुसतो. या रुसव्यावर पॅक्लोब्युट्राझोलचा, म्हणजे आमच्या भाषेत कल्टारचा, उपाय दापोलीने बसवून दिला. झाडाचा विस्तार पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर मोजायचा, सरासरी काढायची, मीटरमागे ३ मिलीलीटर, जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत बुंध्याभोवती खळगे काढून द्यायचं. एवढं साधं. काही जण दुप्पट ओततात, खत मात्र निम्मं घालतात आणि मग झाड खचलं की विद्यापीठाच्या नावाने बोटं मोडतात. साका हे दुसरं दुखणं: वरून सोनं दिसणारं फळ कापलं की आत पांढरा आंबट गोळा. नीलम आणि हापूसच्या संकरातून १९८१ मध्ये आलेल्या रत्नामध्ये साका नाही. पुढे रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून सिंधू आला, त्याची कोय इतकी पातळ की पाहुणे फसतात. वाशीच्या बाजाराने या दोघांना हापूसचा मान दिला नाही. यात संशोधनाचा दोष आहे असं मला वाटत नाही, बाजाराच्या जिभेची ती सवय आहे. आणि देठासकट आंबा उतरवणारा नूतन झेला तर आता इतका सवयीचा झाला आहे की तो विद्यापीठात तयार झाला हे वापरणाऱ्या गड्यालाही माहीत नसतं. देठ राहिला की चीक सालीवर ओघळत नाही, फळ डागाळत नाही, पेटीला दर मिळतो.

मासळीचं शिक्षण रत्नागिरीला शिरगावात आहे, १९८१ पासून, आणि झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय केंद्रातला देवमाशाचा सांगाडा बघायला शाळांच्या सहली येतात. त्यावर माझ्यापेक्षा मच्छीमारांनी लिहिलेलं बरं.

आता तक्रार.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ किनाऱ्याला आपटलं. आमच्या तालुक्यातही दोन-तीन तासांत आगरं आडवी झाली. सुपारी आज लावली तर हातात यायला पाच ते सात वर्षं जातात, चुकीचं रोप लागलं तर ती वर्षंही गेली. तेव्हा सगळ्यांना एकदम रोपं हवी होती, आणि जिथे मागणी तिथे व्यापारी. ट्रकने रोपं आली, कुठली, कुठल्या बियांची, कोणी सांगेना. माझ्या शेजाऱ्याने एका खासगी नर्सरीतून ‘श्रीवर्धन रोठा’ म्हणून घेतलेली रोपं आता वाढली आहेत, आणि ती काय आहेत हे देव जाणे. अशा वेळी सरकारी मातृवृक्षांची, म्हणजे ज्यांच्यापासून बी किंवा काडी घ्यायची त्या खात्रीच्या झाडांची, बाग हाच एक आधार असतो. पण मातृवृक्ष सांभाळायला माणूस लागतो. आंबा-काजूची काडी कधी कापायची, किती दिवस आधी पानं खुडून ठेवायची, खुंट किती कोवळा हवा, हे हाताला कळतं. पुस्तकात ते एका परिच्छेदात उरकतं.

हे जाणणारे माळी निवृत्त होत आहेत आणि त्यांच्या जागा भरल्या जात नाहीत. शास्त्रज्ञांच्याही जागा रिक्त आहेत, त्यावर वर्तमानपत्रात अधूनमधून बातमी येते. माळ्यावर बातमी येत नाही. कंत्राटी मजूर येतो, तीन महिने शिकतो, ठेका संपला की मुंबईला जातो. त्याचं तरी काय चुकलं?

विद्यापीठावर माझा राग नाही असं नाही. गेली काही वर्षं मोहोरावर थ्रिप्स (फुलकिडे) असे बसतात की औषधांचा खर्च पेटीच्या दरापलीकडे जातो. फवारणीचं वेळापत्रक येतं, पण अवेळी पाऊस ते वेळापत्रक वाचत नाही. मोहोर दोनदा-तीनदा येतो, प्रत्येकाची अवस्था वेगळी, मग नेमकी कुठली फवारणी कुठल्या मोहोराला? हे बागेत येऊन सांगणारा कीटकशास्त्रज्ञ हवा. फोनवर ‘फोटो पाठवा’ म्हणतात. फोटोत थ्रिप्स दिसत नाही, साहेब. मोहोर पांढऱ्या कागदावर झटकला की दिसतो.

तर मागणी अशी. नवीन इमारत, कमान, सभागृह हे सगळं दोन वर्षं थांबलं तरी चालेल. बाहेरच्या केंद्रांवरच्या माळ्यांच्या आणि कलम बांधणाऱ्यांच्या जागा कायमस्वरूपी भरा, आणि निवृत्तीला आलेल्यांच्या हाताखाली निदान एक हंगाम या नव्या माणसांना काढू द्या. प्रत्येक जिल्ह्यात हंगामापुरता तरी फिरता कीटकशास्त्रज्ञ द्या, त्याला गाडी द्या, आणि गाडीला डिझेल द्या (हे वेगळं लिहावं लागतं). खासगी नर्सऱ्यांना विद्यापीठाच्या मातृवृक्षांच्या काड्या देऊन त्यांच्या कलमांवर जातीची आणि मूळ झाडाची चिठ्ठी सक्तीची करा.

कलमांची विक्री पावसाच्या तोंडावर सुरू होते. त्याची तयारी आदल्या वर्षी करावी लागते, म्हणजे माळ्यांचा निर्णय यंदा झाला तर कलमं पुढच्या जूनला मिळतील. फाइल कुठल्या टेबलावर आहे हे आपल्या कार्यालयाने कळवलं, तर पाठपुरावा आम्ही बागायतदार करू.

आपली,
दापोली तालुक्यातील एक बागायतदार