शेवंतीच्या पाठीवरचा हात काढून घेणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "असू दे, असू दे" म्हणता आणि फोन लेकीच्या हातात देऊन मोकळे होता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. लेक वाचून दाखवील तेव्हा मधेच उठून जाऊ नका.

आमची घोडी शेवंती मे महिन्यात पुढच्या पायाने लंगडली. कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, दुखावली होती. डॉक्टरांनी सक्त विश्रांती सांगितली आणि पाठोपाठ पाऊस लागला. डिचोलीचा पाऊस तुम्हाला मी काय सांगू! चवथ झाली, दसरा आला, पायाची सूज पूर्ण उतरली, डॉक्टरांनी कामाला हरकत नाही म्हटलं. तुळशीच्या लग्नानंतरच्या वरातींची विचारणाही सुरू झाली होती, म्हणून खोगीर बाहेर काढलं. आणि जी घोडी शेजारच्या पोरांच्या तळहातावरचा गूळ ओठांनी अलगद उचलायची, ती खोगीर दिसताच कान मागे पाडून दात दाखवायला लागली. खोगीर पोटाखालून बांधायचा पट्टा, तंग, आवळला की अंग फुगवून उभी राहायची, रिकिबीत पाय टाकला की मागचे पाय झाडायची. ह्यांना तर एकदा थेट काजूच्या कुंपणावर नेऊन टाकलं.

आपल्या तालुक्यात शिगम्याला, म्हणजे गोव्यातल्या होळीच्या सणात, घोडेमोडणीचा नाच होतो, पण ते घोडे लाकडाचे. जिवंत घोडा सांभाळणारी घरं इथे हातावर मोजण्याइतकी. नाल ठोकायला माणूस चोर्ला घाट उतरून बेळगावहून येतो. त्यामुळे ज्याने कोणी "मला घोड्यातलं कळतं" म्हटलं, त्याच्यावर आम्ही विश्वास ठेवला. चांगले पैसे देऊन बोलावलेले एक शिक्षक आले, लांबूनच बघून म्हणाले, "फुकटची चंदी खाऊन माजली आहे." मग तिचा कान पिळून धरला, तंग आणखी दोन भोकं आवळला आणि चाबूक मागितला. ती थरथरत होती, घामाने तिच्या छातीवर फेस आला होता, आणि हे गृहस्थ मला सांगत होते की घोड्याला मालक कोण ते एकदा कळलं पाहिजे. दुसऱ्या एका जाणकारांनी तर तिला हातसुद्धा लावला नाही. "सारंगखेड्याच्या घोडेबाजारात नेऊन विका, रंग चांगला आहे," एवढंच बोलले आणि चहा पिऊन गेले. त्या दोघांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि तो जावा असंही मला वाटत नाही. मुक्या जनावराचं दुखणं ज्याला मस्ती वाटतं त्याने पागेत पाऊल ठेवू नये.

तुमचं नाव आम्हाला साखळीच्या बाजारात एका गवतवाल्याने सांगितलं. पुण्याच्या रेसकोर्सवर उभा जन्म मोतद्दारी, म्हणजे घोड्यांची देखभाल, केलेला म्हातारा लेकीकडे राहायला आलाय म्हणून. तुम्ही आलात ते खांद्याच्या बाजूने, तिला दिसाल असे, हळू बोलत. नंतर तुम्हीच सांगितलंत की घोड्याला भोवतालचं जवळजवळ ३५० अंश दिसतं, पण कपाळाच्या अगदी समोरचा आणि शेपटीमागचा तुकडा दिसत नाही. ते शिक्षक नेमके तिथूनच यायचे. तुम्ही जबड्याखाली दोन बोटं ठेवून तिची नाडी मोजलीत. उभ्या, शांत घोड्याची मिनिटाला २८ ते ४४ पडते, आणि हिची खोगीर आणायच्या आधीच त्याच्या वर गेली होती.

आणि मग ते झालं ज्यासाठी हे पत्र आहे. तुम्ही मानेच्या मुळापासून तिच्या पाठीवर बोटं दाबत नेलीत. खोगिराचं पुढचं टोक बसतं तिथे पोचलात आणि तिची कातडी थरारली, पाठ खाली गेली, मान वळली. तुम्ही त्याच क्षणी हात काढून घेतलात. एक पाऊल मागे सरलात आणि तिला म्हणालात, "चुकलं गं पोरी, दुखतंय तुला."

काका, तोवर ती दचकली की प्रत्येकाने तिला जास्त घट्ट धरलं होतं. सोडणारे तुम्ही पहिले. ती तुमच्याकडे बघत उभी राहिली, मग तिने मोठा फुरफुराट केला आणि आपणहून नाक तुमच्या बंडीला लावलं. मी गोठ्याच्या दाराशी उभी राहून रडले, हे तुम्ही पाहिलंत आणि पाहिलं नाही असं दाखवलंत. तेही लक्षात आहे माझ्या.

पाठीवरचं मांस इतक्या महिन्यांत झडलं होतं आणि जुनं खोगीर थेट हाडावर टेकत होतं. तंग जितका आवळावा तितकं ते जास्त रुतत होतं. इतकं साधं कारण! पुढे खुराला लागलेली पावसाळी सड, कमी केलेली चंदी, खोगिराशिवाय नुसतं हाताने चालवणं, हे सगळं तुम्ही लावून दिलंत त्याप्रमाणे चाललं. ह्यांनी घाई केली तेव्हा तुम्ही आवाज न चढवता सांगितलंत, "दम लवकर येतो, मांस त्याच्या मागून भरतं, पण कंडरा आणि हाडं सगळ्यात शेवटी पक्की होतात. दम बघून पळवलं तर पाय पुन्हा जाईल." ह्यांनी त्याच रात्री मार्गशीर्षातल्या सगळ्या वराती नाकारल्या.

भली माणसं असतात, काका. शेवंतीला रस्त्यावरून चालवत नेताना परवा एका टिपरवाल्याने आम्हाला बघून इंजिन बंद केलं आणि आम्ही वळण घेईपर्यंत थांबून राहिला. त्याची ओळख नाही, पाळख नाही. मागे दहा गाड्या हॉर्न वाजवत होत्या तरी हलला नाही. पूर्वी असं काही दिसलं तर मी नुसतं हसून पुढे गेले असते. आता थांबून हात जोडते. तुमच्यामुळे ही सवय लागली.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, नारळाची पिशवी तेवढी घेतलीत. मला ते पटलेलं नाही, पण तुमच्याशी वाद कोण घालणार? खोगिराखाली घालायचा नवा जाड नमदा तुम्ही सांगितलात तसा, मधे पाठीच्या कण्याला जागा सोडून शिवून घेतला आहे. खोगिराचा भरावही बदलला. परवा पहिल्यांदा नमदा आणि खोगीर तिच्या पाठीवर ठेवलं, एकेका भोकाने हळूहळू तंग आवळला, आणि ती कान पुढे ठेवून गवत खात राहिली.

येत्या रविवारी येऊन नमदा नीट बसलाय का ते बघा. नातीलाही आणा. तिला शेवंतीवर बसायचं आहे, आणि पहिली तीच बसावी असं आम्ही घरात ठरवलं आहे. लगाम मात्र तुम्ही धरायचा.

तुमची,
शेवंतीच्या घरची