हातमोजे नंतर, आधी नट आवळा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीत, लांबच्या बाइक प्रवासात हाताला मुंग्या येऊ नयेत म्हणून काय काय करावं यावर तुम्ही अख्खं पान खर्ची घातलंत, ते वाचून माझ्या डोक्याला मुंग्या आल्या. पान देखणं आहे, त्यात वाद नाही. जेलचे हातमोजे, फोमच्या ग्रिप, हँडलच्या टोकाला लावायची वजनं, सीटवर टाकायची हवेची गादी, एकेकाचा रंगीत फोटो, म्हणजे वाचणाऱ्याने ते पान हातात धरून सरळ दुकानातच जावं. फक्त ज्या गाडीला हे सगळं चिकटवायचं ती मुळात थरथरतेय कशामुळे हे आधी शोधा, असं सांगणारी एक ओळ त्यात नाही. मी दोनदा वाचलं, चौकटीतल्या बारीक अक्षरांसकट.

एवढं चिडायला काय झालं असं वाटेल, तर हे सगळं मी भोगलंय. माझी गाडी सिंगल सिलिंडर, म्हणजे इंजिनात एकच पिस्टन, थोडी थरथर असणारच, घेतानाच माहीत होतं आणि त्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. पण एका सर्व्हिसिंगनंतर गाडीचा नूरच पालटला. इंजिन साडेचार हजार आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांच्या, आसपास गेलं की डावा फूटरेस्ट असा काही झिणझिणायचा की बुटातून घोट्यापर्यंत जाणवायचं, आणि तासाभरात करंगळी न् तिच्या शेजारचं बोट बधिर. गाडी परत नेली तर काउंटरवरच्या साहेबांनी तिला हात न लावता निकाल दिला, "सर, हे मॉडेलच असं आहे, हे त्याचं कॅरेक्टर आहे." म्हटलं हे कॅरेक्टर तुमच्याकडे गाडी टाकायच्या आदल्या दिवशी नव्हतं हो. तर म्हणे, "तुम्हाला आता जास्त जाणवायला लागलं असेल." आणि लगेच मागच्या कपाटातून जेलच्या हातमोज्यांचं पाकीट काढून समोर ठेवलं! तुमच्या लेखकाचं आणि ह्या साहेबांचं काही नातं लागतं का, हे आपलं सहज विचारतोय.

शेवटी ओळखीतले एक जुने मेकॅनिक आहेत, काकाच म्हणतो आम्ही त्यांना, आता काम बंद केलंय, त्यांना फोन केला. त्यांनी मॉडेल विचारलं नाही की किती किलोमीटर पळाली तेही विचारलं नाही. एकच विचारलं, "अरे, क्लच दाबल्यावर राहतं का जातं?"

हा प्रश्न तुमच्या अख्ख्या पानापेक्षा कामाचा आहे. मोकळ्या सरळ रस्त्यावर, ज्या स्पीडला थरथर येते त्या स्पीडला क्लच दाबायचा आणि ॲक्सिलरेटर सोडून इंजिन आयडलला येऊ द्यायचं. गाडी त्याच वेगात पळतेय आणि थरथर गायब झाली, तर भानगड इंजिनकडची. तशीच राहिली तर चाकं, टायर, बेअरिंग, चेन ह्यांच्याकडे बघायचं, कारण क्लच दाबला तरी ते सगळं फिरतच असतं. मग तोच स्पीड एक गिअर खाली टाकून बघायचा, म्हणजे थरथर आरपीएमच्या मागे जाते की स्पीडच्या मागे हेही कळतं. पैसा लागत नाही, हत्यार लागत नाही. हे छापायला तुमच्याकडे जागा नव्हती, हवेच्या गादीचा फोटो मात्र तीन कॉलमी.

माझ्या गाडीची थरथर गेली. म्हणजे इंजिनकडचं. काका संध्याकाळी आले, टॉर्च घेऊन गाडीशेजारी उकिडवे बसले आणि इंजिन फ्रेमला ज्या बोल्टांनी धरलेलं असतं ते एकेक बघत गेले. खालच्या मागच्या बोल्टाभोवती लालसर भुकटीचं एक बारीक कडं जमलं होतं, कुंकू सांडल्यासारखं. लोखंडावर लोखंड सतत घासलं की ते असंच पावडर होऊन गंजतं. काकांनी नटाला दोन बोटं लावली आणि तो फिरला! पाना न लावता! सर्व्हिसिंगमध्ये काहीतरी काढायला तो बोल्ट सैल केला असणार आणि मग आवळायचाच राहिला. टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोराइतकंच आवळता येणारा पाना, आणून मॅन्युअलमधल्या आकड्याइतका आवळला, बाकीचेही तपासले आणि झालं, गाडी पहिल्यासारखी. तिचं कॅरेक्टर तेवढं गेलं.

आता तुमच्या पानावरच्या दोन-तीन गोष्टी, ज्या नुसत्या अपुऱ्या नाहीत तर चुकीच्या आहेत.

हँडलच्या टोकाची वजनं 'जितकी जड तितकी चांगली' असं ठोकून दिलंय. असं नसतं. प्रत्येक हँडलची स्वतःची एक फ्रिक्वेन्सी असते, इंजिनाचा धक्का त्या तालावर आला की हँडल सगळ्यात जास्त झिणझिणतं. वजन वाढवलं की ती फ्रिक्वेन्सी खाली येते, म्हणजे झिणझिण वेगळ्या आरपीएमला सरकते. तुम्ही दिवसभर ज्या आरपीएमला चालवता तिथून ती लांब गेली तर सुख, आणि नेमकी तिथेच येऊन बसली तर जड वजन लावून त्रास विकत घेतला. तेव्हा आपण कुठल्या आरपीएमला चालवतो हे आधी बघायला नको का?

आरपीएमचं तर नावच नाही लेखात. पिस्टनच्या वरखाली होण्यातून जो धक्का बसतो तो आरपीएमच्या वर्गाने वाढतो, चार हजारावरून पाच हजाराला गेलात की धक्का दीडपटीच्या वर. म्हणून थोडं हळू चालवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय, किंवा पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, एका दातानं मोठं टाकणं. 14 चं 15 केलं तर त्याच स्पीडला पाच हजाराऐवजी साधारण 4,670 आरपीएम पडतात. चढावर गिअर लवकर उतरवावा लागतो, ओढ थोडी कमी होते, आणि काही गाड्यांचा स्पीडोमीटर मग खऱ्यापेक्षा कमी दाखवतो, हेही सांगायला हवं.

आणि तो फोटो! खाली लिहिलंय 'सिंगल सिलिंडर गाड्यांचा त्रास' आणि वर चार सायलेन्सर पाइप शेजारी शेजारी खाली उतरताना दिसतायत अशी इनलाइन फोर, म्हणजे एका ओळीत चार सिलिंडरवाली. दोन्हींचा त्रास वेगळा असतो हो. सिंगलमध्ये पिस्टनचा धक्का मिटवायला समोर दुसरा पिस्टन नसतो, क्रँकवर, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्यावर, उलट वजन देऊन साधारण निम्मा मिटवतात तर तेवढाच आडवा धक्का तयार होतो, म्हणून मग उलटी फिरणारी बॅलन्सर शाफ्ट, म्हणजे तोल साधणारा वजनदार दांडा, घालतात. इनलाइन फोरमध्ये हा मोठा धक्का आपापसात मिटतो पण क्रँकच्या दुप्पट गतीची बारीक झिणझिण उरते, सहा हजार आरपीएमला सेकंदाला दोनशे वेळा, आणि बोटं बधिर करायला ती पुरेशी असते. नॉर्टन ह्या ब्रिटिश कंपनीने 1967 च्या कमांडो बाइकमध्ये तर इंजिन, गिअरबॉक्स, मागचं चाक धरणारा स्विंगआर्म असं सगळं प्रकरण एकत्र करून रबरावर बसवलं होतं, आणि त्या रबर माउंटिंगची फट बिघडली की तीसुद्धा थरथरायची. म्हणजे माउंटिंगकडे बघा हे काकांनी शोधून काढलेलं नाही, निदान तेवढं जुनं आहे.

सगळ्यात धोक्याचं वाक्य शेवटच्या चौकटीत आहे, 'थरथर जाणवत असल्यास हँडल घट्ट पकडावे'. कुणी लिहिलं हे? जितकं घट्ट धराल तितकी थरथर हातात जास्त उतरते. पकड सैल, कोपर थोडे वाकलेले, मनगट सरळ, आणि तळहाताच्या करंगळीकडच्या कडेवर सगळा भार टाकायचा नाही, कारण तिथूनच अल्नार नर्व्ह नावाची नस जाते आणि माझी जी दोन बोटं बधिर व्हायची ती तिच्याच हद्दीतली. थांबल्यावर तासभर होऊनही मुंग्या जात नसतील, किंवा थंडीत बोटं पांढरी पडत असतील, तर ग्रिप बदलत बसू नका, डॉक्टरला दाखवा.

ॲपलने 2021 मध्ये सांगून टाकलं की मोठ्या इंजिनाच्या बाइकच्या हँडलला आयफोन लावू नका, त्या थरथरीने कॅमेऱ्याची स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. फोनची एवढी काळजी. युरोपात ड्रिल आणि ग्राइंडर चालवणाऱ्या कामगाराच्या हातापर्यंत दिवसाला किती थरथर पोचू द्यायची याची मर्यादा 2002 च्या निर्देशात आकड्यात लिहिलेली आहे. आणि स्वतःच्या मजेसाठी दिवसभर हँडल धरून बसणाऱ्याला तुम्ही सांगता, घट्ट धरा.

जाता जाता, माझं मागचं पत्र, समोरून येणाऱ्यांच्या हाय बीमबद्दलचं, तुम्ही छापलंत त्याबद्दल आभार, पण कापताना 'नाही' हा शब्दच कापला गेला आणि मी हाय बीमच्या बाजूने आहे असा अर्थ झाला. ओळखीचे अजून विचारतात. ह्या वेळी काही कापायचंच असेल तर नॉर्टन कापा, घट्ट पकडीचा परिच्छेद राहू द्या. आणि त्या चौकटीची दुरुस्ती छापणार असाल तर ती कोपऱ्यात नको, चौकट होती तेवढीच मोठी छापा.

आपला,
एक वाचक