रिकामी चौकट

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

प्रेषित मोहम्मद यांच्या चित्रावरून कुठं काही घडलं, की बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं : 'इस्लाममध्ये चित्राला बंदी आहे.' गेल्या आठवड्यात आपल्याही अंकात ते वाचलं. नागपुरात एकतीस वर्षं चित्रकला शिकवली, म्हणून सांगतो, हे वाक्य अर्धवट आहे.

१९९४ साली मी शाळेच्या सभागृहासाठी धर्मसंस्थापकांचा मोठा तक्ता रंगवला. बुद्ध, महावीर, येशू, गुरू नानक, आणि त्यांच्याच रांगेत दाढी-पगडी घातलेले हजरत मोहम्मद. कुणाला वगळलं असं होऊ नये, एवढंच मनात होतं. आठवीतला मोमिनपुऱ्याचा एक मुलगा तक्त्यासमोर आला की मान खाली घालायचा. चार दिवसांनी त्याचे वडील आले. विणकर माणूस. मुख्याध्यापकांकडे न जाता थेट माझ्याकडे आले. म्हणाले, "सर, तक्रार नाही करत. पण ज्यांचा चेहरा आपण कुणी पाहिला नाही, तो तुम्ही कुठून काढला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चित्रकार म्हणून तो प्रश्न मला आजही बोचतो. ते पुढं म्हणाले, चित्र आलं की हार येतो, हार आला की लोक हात जोडतात, आणि हात फक्त अल्लासमोर जोडायचे, हीच तर प्रेषितांची शिकवण. ती चौकट मी पांढऱ्या रंगानं बुजवली. मग त्यांनीच अरबीत नाव लिहिलेलं एक कार्ड आणून दिलं आणि मी बोरू घेऊन बसलो. देवनागरीला सरावलेला हात उजवीकडून डावीकडं वळेना. दोन रविवार गेले. त्या तक्त्यावरचं माझं सगळ्यात चांगलं काम तेच, असं मला अजूनही वाटतं.

पुढं कळलं की तुर्की सुलेखनकारांनी हेच मोठ्या प्रमाणावर केलं होतं. सतराव्या शतकात हाफिज उस्मान यांनी प्रेषितांचं वर्णन, म्हणजे उंची, केस, चालणं, अक्षरांत मांडून त्याला एक सुंदर रचना दिली. 'हिल्या' म्हणतात तिला. तसबिरीच्या जागी लोक ती घरात लावतात.

पण हेही तितकंच खरं, की मुसलमान चित्रकारांनीच प्रेषितांची चित्रं काढली आहेत. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला तब्रीझमध्ये वजीर रशीदुद्दीन यांच्या इतिहासग्रंथासाठी काढलेल्या चित्रांत चेहरा उघडा आहे. त्याची एक प्रत एडिनबरा विद्यापीठात जपलेली आहे. १५९५च्या सुमारास उस्मानी सुलतान तिसरा मुराद याच्यासाठी तयार झालेल्या सचित्र चरित्रात चेहऱ्यावर पांढरा बुरखा आहे. ही चित्रं ग्रंथांतली होती, पूजेची नव्हती. कुराणात चित्रांवर थेट बंदी नाही, मूर्तिपूजेचा निषेध आहे. चित्रं काढणाऱ्यांविरुद्धची कडक वचनं हदीसमध्ये, म्हणजे प्रेषितांच्या उक्ती-कृतींच्या संग्रहांत, येतात आणि त्यांचा अर्थ सगळे सारखा लावत नाहीत. आपल्या नागपुरातच बघा ना! इथले सूफी संत ताजुद्दीनबाबा यांचा फोटो कितीतरी दुकानांत गणपतीच्या शेजारी असतो, आणि त्या विणकराच्या घरी त्यांच्या स्वतःच्या अब्बांचाही फोटो भिंतीवर नव्हता.

म्हणून चित्र दिसताच उसळण्याआधी ते कुणी, कुठं, कशासाठी दाखवलं, हे विचारायला हवं. २००५ साली डेन्मार्कच्या एका दैनिकानं प्रेषितांवरची १२ व्यंगचित्रं छापली, त्यांतल्या एकात पगडीत बॉम्ब होता. तसं चित्र मी काढणार नाही. तरीही २०१५मध्ये तशीच व्यंगचित्रं छापणाऱ्या पॅरिसच्या 'शार्ली एब्दो' साप्ताहिकावरच्या हल्ल्यात १२ माणसं मारली गेली, त्याला कुठलंच समर्थन नाही. आणि २०२२मध्ये अमेरिकेत मिनेसोटाच्या एका विद्यापीठातल्या शिक्षिकेनं आधी सूचना देऊन, वर्गात रशीदुद्दीन यांच्या ग्रंथातलं तेच जुनं चित्र दाखवलं, तर तिचं काम गेलं. अमेरिकेतल्याच एका मुस्लिम संघटनेनं तिची बाजू घेतली, याचं मला फार समाधान वाटलं. मी तर चूक केली होती, तरी मला समजावून सांगणारा माणूस भेटला. तिला नोकरी गमवावी लागली.

आपला कायदासुद्धा हेतूच विचारतो. प्रेषितांवरच्या एका पुस्तिकेवरून लाहोरात वादळ उठल्यावर १९२७ साली भारतीय दंड संहितेत धर्माच्या अपमानाला शिक्षा देणारं कलम २९५-अ आलं. १९५७मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते वैध ठरवताना स्पष्ट केलं, की जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं केलेला अपमानच यात बसतो. दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत आता तेच कलम २९९ आहे.

१७ मार्च २०२५ची संध्याकाळ आम्ही नागपूरच्या महाल भागातल्या लोकांनी पाहिली आहे. औरंगजेबाच्या कबरीविरोधातल्या आंदोलनात जाळलेल्या कापडावर कुराणातल्या पवित्र आयती होत्या, अशी अफवा पसरली आणि दगड सुरू झाले. पुढं संचारबंदी लागली, एका माणसाचा जीव गेला. इथून चितार ओळी चार पावलांवर. पिढ्यान् पिढ्या मूर्ती घडवणारी ती गल्ली त्या रात्री अंधारात बसली होती.

आपल्याला विनंती एवढीच, की पुढच्या वेळी 'भावना दुखावल्या' हा मथळा देण्याआधी ते चित्र किंवा कापड नेमकं काय होतं, कुणी पाहिलं, हे आपल्या वार्ताहरानं जागेवर जाऊन विचारावं. आणि सोबतच्या चौकटीत मौलानांचं मत छापाल, तेव्हा कलेच्या इतिहासाचा एखादा प्राध्यापकही तिथं असू द्या.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक
महाल, नागपूर