खोलीतल्या तिघींचे आणि मेसच्या मावशींचे मनापासून आभार

परभणीहून पुण्यात आले तेव्हा सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा मिळाली. एका खोलीत चौघी. पहिल्याच आठवड्यात क्लासमध्ये मी "सर, गणित करायलेय" म्हणाले आणि मागचे बाक हसले. पुढे महिनाभर मी तिथं तोंडच उघडलं नाही. घरी फोनवर मात्र "सगळं मस्त आहे" म्हणायचे.

हे ओळखलं जळगावच्या ताईनं. रात्री लाईट बंद केल्यावर ती मुद्दाम अहिराणीत बोलू लागली. मग म्हणाली, "आता तू तुझ्या बोलीत बोल." त्या अंधारात मी कितीतरी दिवसांनी मोकळेपणी बोलले, रडलेही.

ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला. आई रात्रभर प्रवास करून पोचेपर्यंत तिघींनी पाळ्या लावल्या. वहीच्या मागच्या पानावर दर चार तासांचा ताप लिहिला होता: 102, 103, 101. ते पान मी जपून ठेवलंय. मेसच्या मावशींनी न सांगता मऊ भात-वरण पाठवलं, पैसे घेतले नाहीत. प्लेटलेट्स द्यायला अभ्यासिकेतला एक दादा आला. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं, याची रुखरुख आजही आहे.

ताईनं दारामागे 14416 हा नंबर लिहिला होता. 2022 साली सुरू झालेली टेलिमानस ही सरकारी मोफत सेवा. मन जड झालं की तिथं मराठीतही बोलता येतं. खोली सोडताना मी तो आकडा पुन्हा ठळक गिरवून आले, नव्या मुलीसाठी.