रीमाताईंची कारकीर्द १९८८ साली सुरू झाली नाही

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

रीमा लागू यांच्यावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. छायाचित्रं छान होती, मजकूरही मनापासून लिहिलेला होता. पण लेखाची सुरुवात ‘कयामत से कयामत तक’पासून झाली आणि पुढची दोन पानं ‘हिंदी पडद्यावरची लाडकी आई’ याच चौकटीत फिरत राहिली. तो चित्रपट आला १९८८ साली. रीमाताईंचा जन्म १९५८चा. मधल्या तीस वर्षांना आपल्या लेखकाने दिलेलं वाक्य एकच: ‘त्यांनी रंगभूमीवरही काम केलं होतं.’ तो ‘ही’ मला खटकला, म्हणून हे पत्र.

माहेरच्या त्या नयन भडभडे. आई मंदाकिनी भडभडे मराठी रंगभूमीवरच्या अभिनेत्री, त्यामुळे नाटक हे घरातच. शाळा पुण्याची हुजूरपागा. शाळेत असल्यापासूनच नयनच्या अभिनयाची वाखाणणी होत होती. पुढे विवेक लागूंशी लग्न झालं आणि ‘रीमा लागू’ हे नाव रंगभूमीला मिळालं. इथपर्यंतचं कुठेही सापडतं. लेखात हवा होता तो यापुढचा भाग, कारण त्याच्याशिवाय ही कारकीर्द समजत नाही: रीमाताई सुमारे दहा वर्षं युनियन बँकेत नोकरीला होत्या. विवेक लागूही बँकेतलेच.

मीही आयुष्यभर एका राष्ट्रीयीकृत बँकेतच नोकरी केली. आंतरबँक एकांकिका स्पर्धांत रंगमंचामागची पडेल ती कामं केली, रंगमंचावर मात्र कधी कुणी घेतलं नाही (बरंच झालं). त्यामुळे ती दुनिया आतून पाहिली आहे. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. नव्या शाखा निघाल्या, भरती झाली आणि मुंबईतल्या मध्यमवर्गीय मराठी मुलामुलींचा मोठा लोंढा काउंटरमागे येऊन बसला. पगार वेळेवर, कामाचे तास ठरलेले, संध्याकाळ मोकळी. बँकाबँकांत नाटकाची चुरस तर अशी असायची, की स्पर्धा जवळ आली म्हणजे लेजरपेक्षा संहितेची पानं जास्त उलटली जात. दौरा लागला की बिनपगारी रजा, मस्टरवर लाल शेरा आणि साहेबांची बोलणी हे ठरलेलंच. बढती आली तर बाहेरगावी बदली होईल, मग तालमींचं काय, म्हणून ती नाकारून वर्षानुवर्षं कारकून राहिलेलेही कमी नव्हते. त्यांतल्या बहुतेकांची नावं आज कुणाला ठाऊक नाहीत. अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात होते, अशोक सराफ स्टेट बँकेत. एका पिढीचे इतके नट बँकेतून आले, याला मी तरी योगायोग मानत नाही. प्रायोगिक नाटकात पैसा नव्हता आणि व्यावसायिकची ‘नाइट’, म्हणजे प्रयोगामागे मिळणारे पैसे, संसार चालवायला पुरेशी नव्हती. महिन्याच्या पगाराने या लोकांना नाटक परवडलं.

बाईमाणसाला तर तो आधार अधिकच मोलाचा. घर, नोकरी, तालीम आणि प्रयोग हे सगळं सांभाळून रीमाताईंनी त्या काळात जी नाटकं केली, ती बघा. जयवंत दळवींचं ‘पुरुष’: समोर नाना पाटेकरांचा गुलाबराव आणि इकडे रीमाताईंची अंबिका, अत्याचार झाल्यावर न्यायासाठी कुणाच्या तोंडाकडे न बघणारी. शेखर ताम्हाणे यांचं ‘सविता दामोदर परांजपे’ तर ज्यांनी पाहिलं, त्यांना विचारा. साध्या घरातली बाई बोलता बोलता वेगळीच कुणीतरी होते, आणि तेही पडद्यावरच्या चमत्कारांची मदत न घेता, नुसत्या आवाजाने आणि नजरेने. याच सुमारास ‘सिंहासन’, ‘आक्रोश’, ‘कलयुग’ या चित्रपटांतल्या भूमिका झाल्या. छोट्या, पण जब्बार पटेल, गोविंद निहलानी, श्याम बेनेगल यांच्याकडच्या. दूरदर्शनवर ‘खानदान’ मालिकाही ‘कयामत’च्या आधीचीच.

लेखात ‘प्रेमळ, सोशिक आई’ हे शब्द तीनदा आले आहेत. ‘मैंने प्यार किया’पुरते ते खरे. पण ‘वास्तव’मधली शांता आठवा. पोटच्या पोरावर गोळी झाडणारी ती बाई सोशिक कशी म्हणायची? तिथे मला तरी ‘पुरुष’मधली अंबिका दिसते. तिथे मुलगा झालेला संजय दत्त रीमाताईंहून जेमतेम वर्षाने लहान, ‘गुमराह’मधली मुलगी श्रीदेवी पाचएक वर्षांनी. तरीही आई-मुलाचं, आई-मुलीचं नातं कुठे खोटं वाटलं नाही, ते केसांना लावलेल्या पांढऱ्या रंगामुळे नव्हे. हिंदीवाल्यांनी मात्र एकदा आई केल्यावर त्यांना दुसरं काही फारसं दिलं नाही. इतक्या ताकदीच्या नटीला तिशीतच त्यांनी म्हातारं करून टाकलं, याबद्दल लेखात हळहळीची एक ओळ तरी हवी होती. त्याऐवजी तिथे कौतुकच आहे.

टीव्हीने त्यांना त्या साच्यातून थोडं बाहेर काढलं. ‘श्रीमान श्रीमती’तली कोकी आणि सचिन पिळगांवकरांच्या ‘तू तू मैं मैं’मधली सासू, दोन्ही १९९४च्या. सून झालेल्या सुप्रिया पिळगांवकरांशी त्यांची जी जुगलबंदी चालायची, त्यात वाक्य संपल्यावर किती थांबायचं आणि हशा ओसरायच्या आत पुढचं वाक्य कुठे टाकायचं, ही जाण अस्सल नाटकवालीची. या दोन्ही मालिकांची आपण नुसती नावं दिलीत. मे २०१७मध्ये त्या गेल्या, तेव्हाही एका मालिकेचं काम चालूच होतं.

एक विनंती आहे. आंतरबँक स्पर्धांत त्या काळी रीमाताईंबरोबर किंवा त्यांच्या विरुद्ध उभे राहिलेले कलाकार आता सत्तरीत आहेत. दादर, गिरगाव, डोंबिवली, पुणे इथे ते भेटतील. स्पर्धांचे फोटो, हस्तपत्रिका, बँकांच्या गृहपत्रिकांचे जुने अंक त्यांच्या कपाटांत पडून आहेत. घर बदलताना आधी तेच रद्दीत जातात. आपल्या वार्ताहराला त्यांच्याकडे पाठवा. माझ्या ओळखीतले चौघे-पाचजण बोलायला तयार आहेत. त्यांची परवानगी घेऊन दूरध्वनी क्रमांक आपल्या कार्यालयात आणून देईन.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली