विज्ञानमंत्र्यांना खुले पत्र : 'किती टन वायू वाचेल' हे आम्हाला विचारू नका

मा. विज्ञानमंत्री यांस,
स.न.वि.वि.

कार्बन डायऑक्साइड द्रावक म्हणून वापरायच्या प्रकल्पांकडूनही अनुदानाच्या अर्जात 'किती टन वायू वाचेल', म्हणजे हवेत जायचा थांबेल, याचा आकडा मागितला जातो. तो रकाना काढून टाकावा. द्रावक म्हणून वापरलेला वायू कुठेही जिरत नाही. काम झाले की तो हवेत सोडावा लागतो, नाहीतर पुन्हा दाबून वापरावा लागतो.

त्याचा खरा उपयोग कार्बन एरोजेल, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांनी भरलेला हलका कार्बन, बनवताना दिसतो. रिसॉर्सिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड १:२ मोल प्रमाणात घेऊन, किंचित सोडियम कार्बोनेट घालून पाण्यात जेल करतात. ते उघड्यावर वाळवले तर पाण्याचा पृष्ठताण नॅनोमीटर मापाच्या छिद्रांच्या भिंती आत ओढतो आणि जेल आक्रसते. म्हणून पाण्याच्या जागी ॲसिटोन आणि ॲसिटोनच्या जागी द्रवरूप कार्बन डायऑक्साइड भरतात. मग तापमान ४५ अंश सेल्सिअस आणि दाब १०० बारपर्यंत नेतात. ३१ अंश आणि ७४ बारच्या वर द्रव-वायू असा भेदच राहत नाही, त्यामुळे पृष्ठताणही नाही. (ॲसिटोन लागतोच, अहवालांतले 'द्रावकमुक्त' हे विशेषण जपून वाचावे.)

बिघडते ते बहुधा दोन ठिकाणी. पाणी या वायूत फारच थोडे विरघळते. पाण्याच्या जागी ॲसिटोन भरणे घाईत उरकले की पाणी छिद्रांत राहते आणि जेलला तडे जातात. दुसरे, दाब सोडताना. एक लिटरच्या भांड्यात अर्धा किलो वायू असतो, बाहेर त्याचे पावणेतीनशे लिटर होतात. झडप पटकन उघडली तर भांडे ३१ अंशांखाली थंड होते, आत पुन्हा द्रव तयार होतो, झडपेत कोरडा बर्फ अडकतो आणि गळती रोखणाऱ्या रबरी कडीत (ओ-रिंग) मुरलेला वायू ती आतून फाडतो.

तरीही अंदाजपत्रकात भांडे आणि पंप मंजूर होतात, चिलर (पंप थंड ठेवणारे यंत्र) व ओ-रिंग 'किरकोळ' म्हणून कापल्या जातात. पंपाचे डोके शून्य ते पाच अंशांवर नसेल तर द्रवात बुडबुडे येतात आणि दाब चढतच नाही. चिलरविना घेतलेला पंप म्हणजे वाया गेलेला पैसा.

पुढे नायट्रोजनमध्ये ८०० अंशांच्या वर तापवून जेलचा कार्बन होतो. त्याची छिद्रे वाढवायला हाच वायू ९०० अंशांच्या आसपास सोडतात. इथे तो खर्च होतो खरा, पण ४४ ग्रॅम वायू १२ ग्रॅम कार्बन खाऊन ५६ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड देतो, आणि वर भट्टीची वीज. याला वायूची बचत म्हणणे धाडसाचेच.

त्या रकान्याऐवजी विचारावे: किती ॲसिटोन परत मिळवाल, किती वायू पुन्हा दाबून वापराल? चिलर आणि सुटे भाग मूळ खर्चात धरावेत. सेन्सरही अनिवार्य करावेत: कार्बन डायऑक्साइडचा जमिनीलगत, कारण तो हवेपेक्षा जड, मोनॉक्साइडचा भट्टीपाशी, श्वासाच्या उंचीवर.

आपले,
सच्छिद्र कार्बनवर काम करणारे रसायनशास्त्रज्ञ